माझ्या हातचा पाव

३ जानेवारी १९५६, मंगळवार

पाव दगड झाला! सुंदरा म्हणाली, "बरं झालं, वरवंटा फुटलाच होता." हसता हसता खोकल्याची उबळ आली.

कापसाने छाती खाल्ली, मिलने घरी बसवलं – सात महिने झाले. बायको सुंदरा मिलच्या वाइंडिंग खात्यात सूत गुंडाळायला जाते, मी खोलीत. हातांना काहीतरी हवं.

८ जानेवारी, रविवार

जमला!! मैदा-गूळ-दह्याचं आंबवण या खेपेस चांगलं फसफसू दिलं. शेगडीवर मोठं पातेलं, तळाला वाळू, त्यात बिस्किटांचा डबा, झाकणावर निखारे. तासाभराने उघडलं – फुगलेला, तांबूस! टिचकी मारली तर पोकळ वाजला.

अठरा वर्षांचा असताना भायखळ्याच्या एका बेकरीत लाकडं वाहायचो. मालकाने पहिल्याच दिवशी बजावलेलं – "पिठाला हात लावायचा नाही. तुझी जात गिऱ्हाइकांना कळली तर?" दोन वर्षं लांबून बघितलं. कसं ताणतात, कधी थापटतात – सगळं डोळ्यांनी शिकलो. आज चौपन्नाव्या वर्षी मनगटापर्यंत मैद्यात हात. दम लागतो. थांबतो. पुन्हा मळतो.

सुंदराने गरम तुकडा नुसताच खाल्ला. दुसरा घेतला. माझे डोळे भरले – उगाच.

११ जानेवारी, बुधवार

शेजारच्या राधाकाकी दारात थबकल्या. "वास बरो येता रे!" त्यांचा मुलगा गुणाजी मिलमध्ये माझ्याच खात्यात होता, अजून आहे. मी तुकडा पुढे केला. "नको रे, आज माझो उपास."

दिवाळीत आमचा फराळ नेला की त्या दिवशीही उपास असतो. बावीस वर्षांचा शेजार!

१६ जानेवारी, सोमवार

रेडिओवर सांगितलं – मुंबई महाराष्ट्राला नाही. चाळ रस्त्यावर उतरली. मीही चप्पल घातली. गुणाजी जिन्यातून ओरडला, "रामजीदादा, तुम्ही नको! छाती सांभाळा!"

थांबलो.

१८ जानेवारी, बुधवार

गुणाजी गेला. डिलाईल रोडच्या नाक्यावर गोळी लागली.

१९ जानेवारी, गुरुवार

कर्फ्यू. चौघांनाच स्मशानात जाऊ दिलं. मी त्यांत नव्हतो. भिंतीपलीकडे त्याची बायको चंपा रडते.

२० जानेवारी, शुक्रवार

दुःखाच्या घरी चूल पेटत नाही. काल मजल्यावरच्यांनी पिठलं-भात दिला, आज त्यांचेच डबे रिकामे. दुकानं बंद, बेकरी बंद. आमच्याकडे मैदा होता.

सुंदराला विचारलं, "घेतील?"

"नाही घेतलं तर परत आणा. जाऊन तर या."

दोन पाव फडक्यात बांधून नेले. चंपाने सासूकडे पाहिलं. काकी भिंतीकडे तोंड करून. चंपा हळूच म्हणाली, "ठेवा, दादा." तिच्या पोरींनी तिथेच तोडून खाल्ले – कोरडे, घाईघाईने. काकी वळल्या नाहीत. तीन दिवस तोंडात काही नाही, असं चंपा म्हणाली.

बेकरीतली ती दोन वर्षं आठवली नाहीत आज. मेल्या पोराची आईच दिसत राहिली.

२१ जानेवारी, शनिवार

सकाळी एक पाव काढून दुसरा मळत होतो. राधाकाकी आत आल्या. उंबरा ओलांडून – प्रथमच. खाली बसल्या.

"रामजी, खरा सांग. माझ्या गुणाजीन कधी तुझो पाव खाल्लेलो?"

त्याला शब्द दिला होता. म्हणून सुंदराला सांगितलं नाही, या वहीतही लिहिलं नाही.

"रोज, काकी. पाळीवरून येताना. आईला सांगू नका म्हणायचा."

काकींनी हात पुढे केला.

"माका पण दी."