भुकेलं गवत

लिसगार्व,
१५ फेब्रुवारी १९५४

चि. विनी हिस,
हॉनर आत्याचे अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आणि चहाची पुडी, दोन्ही पोचलं. चहा चांगला आहे, पण लीड्सची हवा चांगली नसणार. फोटोत तुझी हाडं दिसताहेत, आणि नर्सने तरी असं दिसू नये.

लिहायचं टाळत होते ते आता लिहिते. तुझ्या बाबांना काल पुन्हा ते भुकेलं गवत लागलं. गॉर्टनाओक्रसच्या चढणीवरच, जिथे मोठ्या दुष्काळात अन्नछत्राकडे निघालेली माणसं वाटेतच आडवी झाली आणि त्यांच्या भुकेचं गवत उगवलं; त्यावर पाय पडला की धडधाकट माणूसही भुकेने कोसळतो. आम्ही चर्चला निघालो होतो. फेस्टस पुढे चालत होता तो एकाएकी वाट सोडून कुंपणाकडे झुकायला लागला आणि घामाने डबडबून गुडघ्यांवर बसला. मी हाका मारल्या तर मला ओळखेना. सख्खी बहीण मी, त्याला मांडीवर वाढवला, आणि तो मला कोण तुम्ही म्हणून विचारतो. कोटाच्या खिशात उताऱ्याला ओटची भाकरी असतेच, ती त्याच्या तोंडात कोंबली. थोड्या वेळाने भानावर आला, आणि उलट माझ्यावरच चिडला की तुझ्या भाकरीने उपास मोडून माझं कम्युनियन बुडवलं. नाताळापासून त्याला चर्चमधला तो प्रसाद एकदाही घेता आलेला नाही. शेजारचा मालाकी म्हणतो, मोठं पाप असल्याशिवाय कुणी इतके दिवस प्रसाद चुकवत नाही, फादर समजत असतील की या फेस्टसने कुणाचा तरी खून केलाय.

पण मला हसू येत नाही. गेल्या गुरुवारी तो गोठ्यात पडला. गोठा कुठे आणि ती चढण कुठे! ते गवत जागचं हलत नाही असं सगळे जन्मभर सांगत आले. विनी, ते खाली उतरलंय. रोज सकाळी मी उंबऱ्याबाहेरच्या फटी बघते आणि हिरवं दिसेल ते उपटते. माझ्या जिवाचं पाणी झालंय. तुला वाटेल म्हातारी चळली, तर वाटू दे.

तुझी,
हॉनर आत्या


लीड्स,
२२ फेब्रुवारी

ती. हॉनर आत्यास,
विनीचा शि. सा. नमस्कार. तू चळलेली नाहीस. तुझ्याइतकं नीट लिहिणारी माणसं आमच्या वॉर्डात असती तर डॉक्टरांचं अर्धं काम वाचलं असतं.

चढणीवर बाबा पडतात ते नेहमी रविवारी, हे तुझ्या लक्षात आलं का? रविवारी ते कम्युनियनसाठी आदल्या रात्रीपासून उपाशी असतात. आणि त्या गुरुवारी गाय अडली असेल नाहीतर वासरू आजारी असेल, आणि न्याहारी राहिली असेल. पैज लावते. आत्या, त्यांच्या रक्तातली साखर एकदम उतरते आहे. पोटात एका ग्रंथीवर बारीकशी गाठ असली की असं होतं. आमच्याकडे अशी एक बाई आली होती. घरच्यांनी तिला वेडी समजून कोंडून ठेवलं होतं. गाठ काढली आणि ती बरी झाली. काढली नाही, तर माणूस एखाद्या सकाळी उठतच नाही. मला फार भीती वाटते आहे.

त्यांना गॉलवेच्या इस्पितळात ने. पण आधीच सांगते, तिथे त्यांना मुद्दाम उपाशी ठेवतील, झटका येईपर्यंत. तो आला की रक्त घेतील आणि लगेच साखर देतील. त्याशिवाय गाठ असल्याचं सिद्ध होत नाही आणि कोणी सर्जन सुरी लावत नाही. तुला हे ऐकवणार नाही, ठाऊक आहे. तरी मन घट्ट कर.

कोंबड्या बऱ्या आहेत ना? मला टोचणाऱ्या त्या काळीला सोडून बाकी सगळ्यांना माझी आठवण सांग.

तुझी,
विनी


लिसगार्व,
१९ मार्च

चि. विनी हिस,
आत्याचे आशीर्वाद. त्या गुरुवारी गाय खरंच अडली होती. तू ते लीड्समध्ये बसून कसं ओळखलंस, देव जाणे. त्यामुळेच मी गॉलवेला जायला तयार झाले.

तिथे त्यांनी फेस्टसच्या खाटेला पाटी लावली की याला काहीही खायला देऊ नये. ज्या मुलखात माणसं गवत चघळत मेली, त्या मुलखात माणसाच्या उशाशी अशी पाटी! सगळे कसे स्वच्छ, गोड बोलणारे, आणि सगळे त्याच्या कोसळण्याची वाट बघत बसलेले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या कपाळावर घाम आला. तो घाम मी ओळखते. नर्स पलीकडच्या खाटेकडे वळली, तेवढ्यात मी रुमालातला तुकडा त्याच्या ओठांत सरकवला. त्याने मुकाट्याने चावला. पुढेही घाम दिसला की तेच केलं.

शेवटी डॉक्टर म्हणाले, साखर उत्तम आहे, उपास यांना मानवतो, घरी न्या. तेव्हा गाठबीठ काही नाही, बाळ. आहे ते गवतच, आणि त्याचा उतारा माझ्यापाशी आहे. तू रागावशील, पण तुझ्यापासून मी कधी काही लपवलं नाही. मालाकी तर गावभर सांगत सुटलाय की लिसगार्वच्या माणसाला उपाशी ठेवणं सरकारलाही जमलं नाही.

तुझीच,
आत्या


लीड्स,
२६ मार्च

ती. आत्यास,
नमस्कार. मी रागावलेली नाही. घाबरले आहे.

बाबांना झटका आला नाही, कारण तू तो येऊ दिला नाहीस. तुझ्या भाकरीनेच ते आजवर जगले, हे मी शपथेवर सांगेन. पण त्याच भाकरीने आता गाठ लपवली. उद्या दातखीळ बसली तर तुकडा घालशील कुठे?

गवत खोटं आहे असं मी म्हणत नाही. मीही इथे चढणीच्या रस्त्याला लागले की खिशात बिस्कीट चाचपून बघते, मैत्रिणी हसतात. पण आत्या, दुष्काळात आपली माणसं पडली तेव्हा कुणी हातात औषध घेऊन शेजारी उभं नव्हतं. आता इस्पितळात आहे. मी गॉलवेच्या डॉक्टरांना सगळं लिहून कळवलं आहे, ते पुन्हा दाखल करून घेतील. मला ईस्टरच्या आठवड्याआधी रजा मिळत नाही, म्हणजे त्यांच्याजवळ तूच असणार. रिकाम्या हातांनी बस. आजवर तुझ्याकडे पुष्कळ मागितलं, एवढं अवघड कधी मागितलं नाही.

तुझी,
विनी


गॉलवे,
८ एप्रिल

चि. विनी हिस,
आत्याचे आशीर्वाद. तुझं पत्र आलं त्याच सकाळी फेस्टस अंथरुणातून उठला नाही. दातखीळ बसली होती. भाकरी ओठांवरून गळून उशीवर पडली. बोट साखरेच्या पाण्यात बुडवून त्याच्या हिरड्यांना चोळत बसले, आणि मालाकी सायकल दामटत डॉक्टरांकडे गेला. मी पांघरूण झटकून पाहिलं, गादी उलटून पाहिली. गवताची काडीसुद्धा नव्हती. असली असती तर बरं वाटलं असतं, इतकी मी घाबरले होते.

म्हणून पुन्हा इथे आलो. या खेपेला मीच नर्सला पिशवी, रुमाल, कोटाचे खिसे, सगळं उलटं करून दाखवलं आणि खाटेशी बसले. दुपारी घाम आला. आधी तो चेष्टेत बोलत होता, मग विनवायला लागला. "हॉनर, एक तुकडा दे गं. एवढासा दे." मी हात मांड्यांखाली दाबून धरले. मग शिव्या सुरू झाल्या. मी पहिल्यापासून त्याच्या वाईटावर होते म्हणाला. मग शब्दही गेले, नुसते ओठ हलत राहिले. मी डॉक्टरांकडे पाहिलं, ते म्हणाले, जरा थांबा. मी थांबले. विनी, माझ्या आजीने आपली धाकटी भावंडं अशीच जाताना पाहिली होती, आणि तिच्याकडे द्यायला काही नव्हतं. माझ्याकडे असूनही मी दिलं नाही.

मग त्यांनी रक्त घेतलं आणि शिरेतून साखर दिली. तो परत आला. डॉक्टर म्हणाले, साखर जवळजवळ नव्हतीच, आता शंका उरली नाही. सोमवारी डब्लिनला ऑपरेशन. तू थेट तिथेच ये.

आधीचे झटके त्याला कधी आठवत नसत. या वेळचं मात्र एक आठवतंय, की त्याने भाकरी मागितली आणि मी दिली नाही. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. नर्सला सांगितलंय की त्या बाईला आत सोडू नका. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसून हे लिहिते आहे. तो आत पाणी मागतो ते मला ऐकू येतं, आणि दुसरंच कुणीतरी उठून देतं.

तू आलीस की माझी बाजू घेऊन भांडू नकोस. त्याचं लक्ष सोमवारपर्यंत रागात गुंतलेलं असू दे, म्हणजे भीतीला जागा उरणार नाही. भ्यायला मी आहे. बरा होऊन घरी आला आणि जन्मभर अबोला धरला, तरी मला चालेल.

माझ्या वाटचा लोभ या खेपेला त्याला दे.

तुझी,
हॉनर आत्या