बसायची मशीन

२३ ऑगस्ट, शनिवार
गवत घोट्याच्या वर गेलं. काल पोळा. दरवर्षी पोळ्याला आमचे हे त्यांची गवत कापायची, ढकलायची मशीन धुतात, हळदकुंकू लावतात, पुरणपोळी दाखवतात. "आपल्या घरी हाच बैल," म्हणतात. यंदा गेटजवळच्या खुर्चीवर बसून राहिले. शेवटी मीच पोळी ठेवली. तर म्हणाले, "मेल्या बैलाची पूजा नाई करत कोनी."

जूनमध्ये ह्यांना अटॅक आला, दोन स्टेंट पडले. डॉ. चं म्हणणं एकच: रोज चाळीस मिनिटं चाला, पण ढकलायचं, उचलायचं काही नाही. आता कधीच नाही. हे ढकलत नाहीत, आणि चालतही नाहीत. "रिकामं काहून चालाचं? कोन मेलं काय?"

बडनेरा रोडवर आमचं लग्नाचं लॉन. दोन एकर हिरवळ, सासऱ्यांच्या काळात इथे शेवंती आणि झेंडू होता. बारा वर्षं ह्यांनी एकट्याने कापली. आता खुर्चीवरून नुसती बघतात.

पुण्याहून मंगेशचा फोन. "आई, गवत काढून पेव्हर टाकून घे. सगळ्याच लॉनवाल्यांनी टाकले. नाहीतर लॉन कोणाला चालवायला दे, बाबांना आराम होईल." बघू म्हटलं. पोरगं चांगलं आहे माझं, पण बापाला ओळखत नाही. ह्यांना आराम नकोय. पेव्हर टाकले त्या दिवशी हे खुर्चीवरून उठायचं पुरतं सोडतील, हे मला दिसतं आहे.

२६ ऑगस्ट
खांद्यावरच्या मशीनवाले दोघं आणले. दिवसभर घर्रघर्र, खडे उडाले, हॉलची एक काच गेली. कुठे टक्कल, कुठे झिपऱ्या. ह्यांनी मान वळवली. "हजामत केली का भादरलं?" तीन महिन्यांत पहिल्यांदा गवताबद्दल काहीतरी बोलले, तेही टोमणा. तरी बरं वाटलं.

२९ ऑगस्ट
मोबाइलवर पाहिलं. गवत कापायची मशीन, पण वर सीट, हातात स्टेअरिंग. माणूस आरामात बसलेला, गवत खाली कापलं जातं आहे. चारदा पाहिलं. ढकलायचं नाही, उचलायचं नाही. अजून काय पाहिजे!

निंदणीला येते त्या सुभद्राबाईला दाखवलं. तिने लांब धरून पाहिलं. "बसून? अन् मंग काम कोन करते?"

तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू. त्याआधी मशीन इथे उभी पाहिजे. ठरलं.

४ सप्टेंबर
महालक्ष्म्या उठल्या, आज एकटीच अकोल्याला जाऊन आले. बडनेऱ्याहून गाडी, तिथून ऑटो. ह्यांना सांगितलं, बहिणीकडे जाते. खोटं बोलले, पण चांगल्या कामाला.

दुकान तायडेभाऊंचं. पहिला प्रश्न: "साहेब नाई आले?" म्हटलं, साहेबांचं नंतर, आधी मला दाखवा.

दोन ठेवल्या होत्या. एक लहान, अंगणात फिरेल एवढी. दुसरी मोठी, रुंद पात्याची, दोन एकर अर्ध्या दिवसात उडवेल म्हणे. मी सरळ लहानीवर जाऊन बसले. साडी आवरली. पाय पेडलपर्यंत पोचेना. सीटखाली दांडी आहे, ती ओढली की सीट पुढे येते, हे तायडेभाऊंनी दाखवलं. पोचला. दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. हसू द्या.

मी विचारलं, काळ्या मातीत रुतणार नाही? "वयनी, कंपनीची चीज हाय, काई होत नाई." हे उत्तर नाही, हे मला भाजीवालीच्या पोरीला कळतं. माझ्या आईचं वांगंसुद्धा "काही होत नाही" म्हणूनच किडकं निघायचं.

परत येताना एका मैदानावर अशीच मशीन चालू दिसली. ऑटो थांबवला. चालवणारे रहीमभाई, पासष्टीचे, टोपी घातलेले. त्यांनी मशीन बंद केली, खाली उतरून बोलले. "काली मिट्टी है ना? तो दाम बाद में पूछो, चक्का पहले देखो. वजन कम, चक्का चौड़ा. और बारिश के बाद दो दिन हाथ मत लगाओ." पाच मिनिटांत दुकानातल्या दोन तासांपेक्षा जास्त शिकले.

७ सप्टेंबर, रविवार
ह्यांना सांगितलं. जेवण झाल्यावर, दही वाढून, शांतपणे.
"कोनासाठी?"
"तुमच्यासाठी."
"मी का लंगडा हाओ?"
"डॉक्टर म्हनते ढकलू नका. बसू नका नाई म्हनत."
"गवत का बसून कापतेत? उद्या म्हनशीन, बसून पूजा करा, बसूनच मरा."
ताट सरकवून उठले. मला रडू यायला हवं होतं, राग आला. जूनमध्ये त्या आयसीयूच्या दाराशी मी तीन दिवस बसले ते ह्यांना खुर्चीत वाळत घालायला नाही. मशीन येईल. हे बसले तर बरं. नाही बसले तर मी बसेन.

१२ सप्टेंबर
मी आणि सु.बाई दोरी घेऊन मोजमाप. मागचं छोटं गेट, स्टेज आणि कडुनिंबामधली जागा, मोगऱ्याच्या वाफ्यातली वाट. मोठी मशीन मोगऱ्यात अडकते. लहानी जाते, पण तिला दीड दिवस लागेल. बाई म्हणाली, "मोगरा काढून टाका." म्हटलं, तुला काढून टाकीन.

हे खुर्चीवरून बघत होते. दोरी ढिली धरली की नुसते खाकरायचे.

१९ सप्टेंबर
लिहायची इच्छा नाही, पण लिहिते.

तायडेभाऊ छोट्या टेम्पोत लहानी मशीन दाखवायला घेऊन आले. मीच घाई केली होती, पावसाने चार दिवस उघडीप दिली म्हणून. नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. त्यांचा माणूस बसला. पहिला पट्टा सुरेख गेला, गालिचा अंथरल्यासारखा. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे जमिनीकडे पाहत होते.

दुसऱ्या पट्ट्याला, स्टेजच्या डाव्या अंगाला, खाडकन आवाज. मशीन थरथरली आणि बंद. खाली लोखंडी खुंटी, मांडववाल्यांची. मेमधल्या शेवटच्या लग्नाला वादळ आलं, त्यांनी घाईत मांडव सोडला, खुंट्या तशाच ठोकलेल्या राहिल्या. पातं वाकलं.

तायडेभाऊ भांडले नाहीत, हेच जास्त लागलं. "वयनी, जमीन साफ करा, मंग बोलवा." मशीन चढवली आणि गेले.

२० सप्टेंबर
मला आठवायला हवं होतं. प्रत्येक लग्नानंतर हे पहाटे अनवाणी अख्खं लॉन चालायचे. दवात पाय घासत, सरळ रेषेत, एका कुंपणापासून दुसऱ्यापर्यंत. खुंट्या, टाचण्या, काचा, पायाने शोधायचे. आणि पावसाळा सरता सरता पुन्हा एकदा, कारण काळी माती फुगते आणि मेमध्ये खोल असलेलं सप्टेंबरात वर आणून देते. बारा वर्षं मी ओट्यावरून चहा हलवत हे पाहिलं आणि मला वाटायचं, ह्यांना सकाळी फिरायची हौस आहे. यंदा मेमधल्या त्या लग्नानंतर चिखल, मग लगेच अटॅक; कोणीच चाललं नाही. मी बाजारात मशीन शोधत होते आणि जमीन विसरले.

सकाळी विचारलं, "तुमाले मालूम होतं?"
"हो."
"मंग सांगतलं काहून नाई?"
"तू मले इचारलं कुठी? अकोल्याले गेली तवा इचारलं? दोरी लावली तवा?"
खूप राग आला. पातं वाकताना हे बघत बसले! पण राग जिरल्यावर कळलं, बरोबर बोलले. मी ह्यांच्यासाठी सगळं केलं, ह्यांना धरून काहीच केलं नाही. हे मान्य करायला मला दिवस लागला. त्यांच्या तोंडावर मान्य केलं नाही, इथे करते.

मशीनचा नाद मात्र सोडलेला नाही.

२२ सप्टेंबर
घट बसले. नवरात्रात नऊ दिवस मी चप्पल घालत नाही, लग्न झाल्यापासूनचा नेम. मनात आलं, देवीला अनवाणी जायचं ते आहेच, हे नऊ दिवस लॉनही चालून काढू. सकाळी सहाला सुरुवात केली. एक पट्टा, दुसरा पट्टा. काही सापडलं नाही, काटा मात्र भरला.

गेटवरून आवाज: "टाचेवर नोको चालू. बोटं टेक आंधी. टाचेले काई समजत नाई."

बोटं टेकली. चौथ्या पट्ट्याला गार लागलं. खुंटी. माझ्या तोंडून "सापडली" असं जोरात निघालं, सु.बाई पळत आली, तिला वाटलं साप.

२४ सप्टेंबर
आज खुर्ची रिकामी. बघते तर हे चप्पल काढून कुंपणाशी उभे. "तू पाय फरफटून रायली. निम्म्या सुटत असतीन." माझ्या शेजारच्या पट्ट्याने चालायला लागले. घड्याळ मी गुपचूप पाहिलं: पस्तीस मिनिटं. डॉ. ने तीन महिने डोकं आपटलं त्यासाठी.

२८ सप्टेंबर
बेचाळीस मिनिटं. पाच खुंट्या, एक जोडवं, एक फुटका ग्लास. जोडवं कुठल्या नवरीचं असेल, हे तासभर सांगत होते. प्रत्येक लग्नाची जागा ह्यांना पाठ: इथे त्या ठाणेदाराच्या पोरीचा स्टेज, इथे जेवणावळ, इथे वरातीचा घोडा बिथरला. माझ्यासाठी ते नुसतं गवत होतं.

२ ऑक्टोबर, दसरा
सापडलेल्या सगळ्या खुंट्या ओट्यावर मांडल्या. ह्यांनी स्वतः ढकलायची मशीन पुसली, झेंडूचा हार घातला, खुंट्यांवर आपट्याची पानं ठेवली. पोळ्याची राहिलेली पूजा दसऱ्याला झाली.

मग माझ्याकडे न बघता: "त्या अकोल्यावाल्याले फोन कर. जमीन साफ झाली म्हन."

केला लगेच. विचार बदलायच्या आत.

९ ऑक्टोबर
तायडेभाऊ पुन्हा आले. लहानीच, पण रुंद चाकांची मागवून आणली. रहीमभाईंनी सांगितलेलं मी त्यांना ऐकवलं होतं. आज त्यांच्या माणसाला मी उतरवलं आणि स्वतः बसले. सीट पुढे ओढली, पदर खोचला. हे पुढे अनवाणी, हात मागे बांधून, मी मागे मशीनवर. ह्यांनी पाय थांबवला की मी ब्रेक दाबायचा. शेजारच्या लॉनचा वॉचमन भिंतीवर चढून बघत होता. सु.बाई त्याला म्हणाली, "पाह्य, बैल पुढं अन् गाडी मांगं असतेच ना?" हे हसले. मी इतक्या दिवसांनी ते हसू पाहिलं की कडेचं थोडं गवत सुटलं.

पट्टे वाकडे आले. "पानी पिऊन चालवली का?" म्हणाले. पण चाकं रुतली नाहीत, मोगऱ्यालाही धक्का नाही.

तायडेभाऊ बिचारे भले. तीन-चार आठवडे ठेवा म्हणाले, वापरून बघा, मग हीच ठेवायची की मोठी, ते सांगा.

१२ ऑक्टोबर
विचारलं, "तुमी बसून पाहता का?"
"नाई."
"काहून?"
"तुह्यी गाडी हाये ते. मले चालाचं काम हाये." अशा सुरात बोलले की अर्थ लागेना, राग आहे की कौतुक. बहुतेक दोन्ही.

मंगेशला व्हिडिओ पाठवला. लगेच फोन आला. म्हणाला, "बाबा चालतात?" पेव्हरचं नाव काढलं नाही.

२४ ऑक्टोबर
दिवाळी झाली. मंगेश चार दिवस राहून गेला. त्यानेही पट्टा मारला, माझ्यापेक्षा वाकडा. ह्यांनी त्याला बूट काढायला लावले आणि शेजारी चालवलं. काय बोलले माहीत नाही. जाताना मं. म्हणाला, "आई, मोठी घेऊ या का? बाबा म्हणत होते, दीड दिवस लागतो लहानीला." मी चकित. मला तर हे म्हणाले होते की त्यांचा मशीनशी काही संबंध नाही. मोठी घेतली तर मोगऱ्याचं काय, हेही ह्यांनीच ठरवलंय म्हणे. वाफा दोन हात मागे सरकवायचा.

३० ऑक्टोबर
तायडेभाऊंचा फोन: सोमवारपर्यंत सांगा, कोणती. मंगळवारी डॉ. कडे तपासणी. मी ह्यांच्यासमोर मोठ्याने म्हटलं, तुम्हाला मशीन चालवायची परवानगी मंगळवारी विचारणार आहे. हे पेपर वाचत राहिले. पान उलटलं नाही मात्र.

२ नोव्हेंबर, रविवार
आज तुळशीचं लग्न. उसाचा मांडव सु.बाईने बांधला. पाहुणे संध्याकाळी, म्हणून सकाळीच स्टेजसमोरचा पट्टा मारून घ्यावा म्हटलं. हे आधीच उठून बाहेर गेले होते, मला वाटलं, चालायला.

मशीन शेडमध्येच होती, जागच्या जागी. पुसलेली. बसले. पाय पेडलपर्यंत पोचेना. आधी कळलंच नाही. मग खाली हात घातला. सीट पार मागे, शेवटच्या खाचेपर्यंत. घरात एवढ्या लांब पायांचा माणूस एकच आहे.

नुसतं बसून पाहिलं, का चालवलीही? टाकीतलं पेट्रोल मला मोजता येत नाही आणि मोजायचंही नाही. शेडमधून बघितलं, हे कुंपणाशी उभे, पाठमोरे, अनवाणी, माझी वाट बघत. नेहमीसारखे पुढे चालायला.

सीट पुढे ओढली नाही. खाली उतरले, कुंपणाशी गेले आणि म्हटलं, "आज माह्ये पाय दुखून रायले."

ह्यांनी शेडकडे पाहिलं. मग म्हणाले, "मंगळवारी डॉक्टरले इचारू. आज ऱ्हाऊ दे."

पट्टा राहिला तसाच. संध्याकाळी पाहुणे गवतातूनच आले.