कुठं ठेवलंत तिला

पिंपळगाव रेणुकाई
१९ जानेवारी

प्रिय अपूर्व,

नमस्कार. 'प्रिय' सवयीनं लिहिलं गेलंय, हुरळून जाऊ नकोस. मी विषय काढला की तुझ्या फोनचं नेटवर्क जातं, म्हणून कागद घेतला.

मी बरी आहे. टाके भरले. आई रोज डिंकाचे लाडू खाऊ घालते, शेपू खाऊ घालते. मी नको म्हटलं की ओरडते, "बाळंतीण ती बाळंतीणच. लेकरू असो नसो, कंबर बांधायचीच." इथं तुरी निघाल्या. शेजारच्या केशरबाई हुरडा देऊन गेल्या. त्यांनी काही विचारलं नाही, त्याबद्दल त्यांचे उपकार.

तुझ्या बँकेच्या ग्रुपवरचा मेसेज मला तुझ्या बँकेतल्याच बद्रीनाथ भाऊजींच्या बायकोनं दाखवला. 'गंधाली लॉस्ट द बेबी.' खाली जोडलेल्या हातांची रांग. तुझी आई गावभर तेच मराठीत सांगते, "सुनेनं लेकरू घालवलं. सातव्या महिन्यात शाळेत जायची काय जरूरत व्हती?" त्या निदान उघड बोलतात. तू इंग्रजीत बोललास.

मी नववीला इंग्रजी शिकवते, हे तू विसरलास वाटतं. 'लूज', 'लॉस्ट', हे क्रियापद मी फळ्यावर कितीदा लिहिलंय. कुणी पेन हरवतो, कुणी मॅच हरतो, कुणी केस हरतो. आधी घालवणारा, मग घालवलेली चीज. त्या पहिल्या जागेवर तू माझं नाव ठेवलंस. 'आम्ही' म्हणायलाही तुझी जीभ रेटली नाही.

बी.एड.च्या वेळचा जाड शब्दकोश माळ्यावरून काढला. रागात माणूस काहीही करतो, मी शब्द बघितला. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता नष्ट होणं, मरून जाणं. जो जायचा, तोच जायचा. त्याला घालवणारा कुणी नव्हता. सैल होणं, सुटणं, हे शब्दही म्हणे त्याच कुळातले. पुढं अर्थ फिरत गेला आणि मागं राहिलेल्या माणसाच्या माथी आला. तुझ्या आईचा त्यात हात नसावा.

मी काही घालवलेलं नाही. नाळेला पीळ पडला होता, डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलं. शाळेनं नाही, शाळेच्या जिन्यानं नाही. ती मेली.

ती. मुलगी होती, हेही मला नर्सनं सांगितलं. तू म्हणालास, "बघू नको, त्रास होईल," आणि टॉवेलात गुंडाळून तिला घेऊन गेलास. बायकांनी पुरायला जायचं नसतं म्हणून मला कुणी विचारलंसुद्धा नाही. तेव्हापासून एकच विचारतेय, वडीगोद्रीच्या तुमच्या वावरात कुठं ठेवलंत तिला? बोरीखाली? विहिरीकडं? तू विषय बदलतोस. मला वाटायचं, दुःखानं तुझ्या तोंडून शब्द फुटत नाही. मी रात्र रात्र तुझी कीव केली रे!

काल दादांना, तुझ्या वडिलांना, फोन लावला. त्यांना म्हटलं, अपूर्व जागा सांगत नाही. ते म्हणाले, "पोरी, त्याला कुठून ठाऊक असंल? त्यो गाडीतून उतरलाच न्हाई. काच वर करून बसून राह्यल्ता. खड्डा म्याच केला. मीठ टाकलं, वर दगड ठेवले." आणि रडायला लागले.

तू भ्यालास, हे मला समजतं. मीही भ्याले असते. पण भ्यालेल्या माणसानं माझ्या नावावर खापर फोडू नये.

रविवारी सकाळी दादा मला ती जागा दाखवणार आहेत. आधी म्हणाले, बाईमाणसानं येऊ नये. मग स्वतःच म्हणाले, "ये तू. कोण काय म्हणतंय, मी बघतो."

ग्रुपवर नवा मेसेज टाक. 'आमची मुलगी गेली.' मराठीत टाक, सगळ्यांना कळतं. आणि रविवारी यायचं तर ये. पण या खेपेला गाडीतून खाली उतरावं लागेल.

तिची आई,
गंधाली