हिंगाचा खडा

काटेवाडी, शुक्रवार

परवा लिहिलं की आमटी कडू झाली ती आईच्या काळ्या मसाल्यामुळे. ते चूक. आज बरणी उपसली. कीड लागू नये म्हणून आईने त्यात हिंगाचे दोन खडे ठेवले होते, एकच सापडला. दुसरा सासूबाईंच्या चमच्यातून आमटीत गेला. त्यांना सांगितलं, तर म्हणाल्या, "व्हय, आता हिंगाचं निमित्त! तुज्या आईच्या हाताला चवच न्हाय. सोमवारी ती बरणी उकिरड्यावर वत."

एवढासा खडा, आणि पाहुण्यांसमोर नाव आईला.

तेच पाहुणे परत जेवायला येतायत. आमटी मी करणार, त्याच मसाल्याची. उरलेला खडा आधी सासूबाईंच्या हातावर ठेवणार. रविवारी.