बदरीनाथला सोडलेला चहा

सावेडी, १२ जून १९९६

तीर्थस्वरूप राहीआक्कास,
धाकट्या सूर्यभानचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? दाजींचा खोकला थांबला का? आम्ही उभयता केदार-बदरी करून सुखरूप परतलो. (‘सुखरूप’ हा शब्द पुष्पावतीचा. माझं मत वेगळं आहे.)

केदारनाथला मला मिळालेलं खेचर नेमकं दरीच्या कडेनंच चालायचं. मी चौदा किलोमीटर डोळे गच्च मिटून नामस्मरण केलं आणि तुझ्या भावजयीनं सगळ्या बसला सांगितलं, की यांना भक्ती लागली. बदरीनाथला तप्तकुंडात अंग शेकलं, तिथवर बरं चाललं होतं. पण तीर्थाला गेल्यावर आवडीची एक वस्तू सोडायची ही आपल्या घरची रीत. (आईनं काशीला पेरू सोडला, त्याला मरेपर्यंत शिवली नाही.) मी नगरहून निघतानाच पडवळ सोडायचं ठरवून ठेवलं होतं. जन्मात आवडलं नाही, त्यामुळे द्यायला जड नव्हतं. देवळासमोर हात जोडून तसं मोठ्यानं म्हणालो, तर हिनं बसमधल्या चाळीस माणसांदेखत अडवलं. “देवाफुडं खोटं बोलू नका. पडवळ तुमी कवा खाल्लंय? च्या सोडा!” चाळीसही जणांनी बदरीविशालचा जयजयकार केला आणि माझा चहा सुटला.

आक्का, आज अकरावा दिवस. पेपर हातात धरतो, पण वाचलेलं डोक्यात शिरत नाही. शेजारचे आबासाहेब सकाळी आलं ठेचतात, तो आवाज भिंतीतून येतो आणि मला अक्षरशः रडू फुटतं. देवाची भीतीही वाटते, ते खोटं कशाला सांगू? रविवारी यात्रेच्या मावंद्याचं जेवण ठेवलंय. दाजींना घेऊन आदल्या दिवशीच ये.

तुझा,
सूर्यभान

ता. क. मोठ्या बहिणीनं स्वतःच्या हातानं दिलेला कप परत करू नये, असं शास्त्र आहे. कुठल्या पोथीत ते तू शोध. पण मावंद्याला चारचौघांत तूच सांग.

ता. क. २. कागदावरचा तपकिरी डाग गंगाजलाचा आहे.

वन्सं, मी पुष्पावती. पाकीट चिकटवायला माझ्याकडं आलं म्हनून वाचलं. त्या दिवशी मी काय सोडलं, ते ह्यांनी लिवलं न्हाई, कारन इचारलंच न्हाई. मी मनातल्या मनात च्या करायचं सोडलं. ते काम मला कवाच आवडलं नव्हतं, म्हंजे माझंबी पडवळच, पन देवानं चालवून घेतलं. डाग ह्यांनीच चोरून केलेल्या च्याचा हाय. साखर जास्त पडती, पन हात बसत चाललाय. रविवारी नक्की या. आपन दोघी बसून राहू, च्या हे आनत्याल.