वगळलेली ओळ

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र मिळालं. पाकीट कुणी आधी फोडलेलं नव्हतं, त्यामुळे उघडताना मलाच चुकल्याचुकल्यासारखं झालं. टपाल तपासणीचं आमचं खातं बंद होऊन दोन वर्षं झाली, पण अठरा वर्षं लोकांची पत्रं वाचून पोट भरलेल्या माणसाची खोड सहजासहजी जात नाही.

तुझ्या परदेशातल्या वर्तमानपत्राची तऱ्हा वाचली. मालकाच्या कारखान्यावरचा लेख कुणी अडवला नाही, संपादकांनी चहा पाजला, पाठ थोपटली, आणि लेख काही छापला नाही. आता तू तसले विषय सुचवतही नाहीस म्हणे. अगं, आमच्याकडे निदान कात्री तरी दिसायची! थट्टा करतोय, पण मला खरंच वाईट वाटलं.

पुढचं मात्र जिव्हारी लागलं. इकडे सरकारविरुद्ध बोलण्यावरची बंदी उठली तरी तू यायची नाहीस, कारण इतक्या वर्षांत आईने एकदाही तुला बोलावलं नाही.

आमच्याकडे नियम होता, नातेवाइकाचं पत्र आलं की शेजारच्या टेबलावर द्यायचं. तिथले चष्मेवाले फार प्रामाणिक, बारीकसारीक गोष्टही वर कळवायचे. तुझं सासरचं आडनाव वेगळं, म्हणून मी ब्रही काढला नाही. आपल्या सरकारविरुद्ध तिकडे निघणाऱ्या मोर्चांत तू जायचीस, त्याबद्दल लिहायचीस ते मीच कापायचो आणि संध्याकाळी भोकं पडलेली पत्रं आईला वाचून दाखवायचो. अशा मोर्चात गेलेल्यांना परत येताच विमानतळावरून उचलत, हे मला टेबलावर बसून रोज कळत होतं.

आईला लिहिता येत नाही. ती सांगायची, मी लिहायचो. दर पत्राच्या शेवटी ती तुला बोलवायची आणि तेवढी ओळ मी लिहायचो नाही. तू हट्टी, तिच्या एका शब्दावर धावत आली असतीस. तसं करायला मला कुणी सांगितलं नव्हतं. बंदी उठल्यावर कबूल करायचं धाडस झालं नाही, मला माफ कर. काल आईला सगळं सांगितलं. लेक बोलावूनही येत नाही असं समजून ती इतकी वर्षं झुरली. आज सकाळी तिने माझ्या पुढ्यात कागद ठेवला. हे पत्र ती शेजारच्या बाईंकडून वाचून घेणार आहे, मगच पाकीट चिकटवणार. माझ्यावर भरवसा नाही, आणि बरोबरच आहे. तर तिचं वाक्य जसंच्या तसं लिहितो: बाळ, मी तुला दर वेळी बोलावलं गं, आता तरी ये.

तुझाच,
दादा