सातव्या फोटोतलं हसू

माननीय हिराबायाशी साहेब,

आम्ही ओसाकाच्या मात्सुगाए बाजारगल्लीतले दुकानदार. तुमच्या कार्यालयाने आमच्या गल्लीच्या फोटोंचं प्रदर्शन मांडलं आणि कोणी तक्रार करेल या भीतीने आमचे सगळ्यांचे चेहरे धूसर केले. बातम्यांत चोरांचे चेहरे असे दाखवतात, साहेब. आम्ही काय चोरलं?

ते फोटो काढणाऱ्या नोबुएबाई नऊ वर्षं इथे हिंडल्या. मी टोमणा मारायचे, "आज तरी एखादा बांगडा घ्या, की नुसतेच फोटो?"

"घेते हो काकू, पण कॅमेऱ्याकडे बघू नका!"

बरोबरच होतं. कॅमेरा दिसला की आमची माणसं खांबासारखी ताठ होतात.

सातव्या फोटोत बर्फाची पेटी खांद्यावर घेतलेला म्हातारा आहे. "बर्फाआधी तुम्हीच वितळाल," असं मी म्हणाले आणि तो मान मागे टाकून हसला, तोच हा क्षण. तो कानेजिरो, माझा नवरा. ते गेल्यावर घरच्या देव्हाऱ्यात ठेवलेल्या फोटोत ते काळा कोट घालून अगदी तुमच्यासारखे बसलेत. हसतानाचा फोटो हा एकच.

बेचाळीस वर्षं त्यांनी भर रस्त्यात ताठ मानेने मासळी विकली. त्यांना तोंड लपवायची गरज कधीच पडली नाही.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही, ते तुमच्या फायलीत गडप होईल. उद्या हे पत्र आणि सगळ्या दुकानदारांच्या शिक्क्यांचं संमतीपत्र घेऊन मी स्वतः येतेय. माझ्यादेखत सगळ्यात आधी सातवा फोटो उतरवा आणि तिथे मूळ फोटो लावा.

मासळीवाली,
शिगेनो ओकुमुरा